एक सीट सोडून गाडी विकणे आहे

१२ मे, सोमवार

आणि वर मलाच म्हणतो, "मॅडम, आपको गाड़ी की समझ नहीं है." मला! सव्वीस वर्षं या जयपुरात स्कूटरवरून डबे पोचवले ते काय झोपेत? राखाडी रंगाची आखूड गाडी, डिझेलची, दिल्लीहून आलेली. तिकडं डिझेल गाडीची दहा वर्षं भरली की रस्त्यावर काढू देत नाहीत, मग ती पुसूनपासून इकडं येते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. हा दलाल म्हणतो, फक्त एकेचाळीस हजार चालली. मी वाकून ब्रेकचं पायडल बघितलं. रबर झिजून खालचं लोखंड डोकवायला लागलेलं. म्हटलं, भैया, डब्याची कडी बघून तो किती घरं फिरला हे मी सांगते, तुझं मीटर तुझ्यापाशी ठेव. दात काढून हसला. "सोच लीजिए, मॅडम. दूसरी मिलेगी नहीं."

मिळेल नाहीतर नाही मिळणार, गाडी लागणार हे खरं. फेब्रुवारीत स्कूटर घसरली आणि खांदा निखळला. डॉक्टर मैथिलीबाई माझाच डबा खातात, त्यांनी बजावलं, दुचाकी बंद, परत निखळला तर हात कामातून जाईल. ही औषध कंपनीची डायरीही त्यांनीच दिली. रोज लिहा, म्हणाल्या, हात चालता राहील. चौथी शिकलेल्या बाईनं काय लिहायचं? असो. गाडी चालवायला मी शाळा लावून शिकले, लायसन आहे. सध्या रिक्षावाला डबे नेतो आणि आमटी सांडतो. नऊ घरं सुटली. जून संपायच्या आत माझी गाडी नाही आली तर उरलेलीही सुटतील, मग खायचं काय? ह्यांचे डोळे साखरेनं गेले. माणूस आहे एवढं दिसतं, तोंड दिसत नाही. घर डब्यांवर चालतं.

१४ मे, बुधवार

बसनं आग्रा रोडवरच्या बस्सी गावाला जाऊन आलो, हे आणि मी. येताना गाडीनं.

पांढरी गाडी. हीपण डिझेल, हीपण आखूड, बारा वर्षांची, पण एका हातातली. मालक कजोड़मलजी, शेती आहे, पागोटंवाला साधा माणूस. मी इंजिन चालू ठेवून तेलाचं झाकण काढलं, वर हात धरला. धूर नाही, फुरफुर नाही. शिलाई मशीनसारखा आवाज. मनातल्या मनात मी गाडी घेतलीसुद्धा.

तेवढ्यात तो म्हणाला, "गाड़ी आपकी, बहनजी. पर आगे की बायीं सीट मैं नहीं बेचूँगा."

मला वाटलं, काढून घेतोय की काय. तर तसं नाही. त्याची मुलगी होती, मनभर. बारावी पास झाली त्या साली तापानं गेली. इकडं अवेळी गेलेलं माणूस घरचं पितर होतं. मग घरचे रात्रभर जागर करतात, ते कुणाच्या तरी अंगात येतं आणि मला कुठं बसवा ते सांगतं. कुणी झाडाखालची जागा मागतं, कुणी गळ्यातला चांदीचा पत्रा मागतं. हिनं गाडीतली डावी सीट मागितली. म्हणून त्या सीटवर कुणी बसायचं नाही, काही ठेवायचं नाही. आणि जेठाच्या अमावसेला, तिच्या तिथीला, गाडी बस्सीला आणायची. ते सीटपुढं खीरपुरी ठेवतात. इतकंच.

"बाकी पसंद उसकी," म्हणाला. "तीन जने ले गए, तीनों लौटा गए. आप महीनाभर चलाकर देखो."

मी हो हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं? मला एक सीट कमी पडणार नाही. हे तसेही मागं बसतात.

मनभर म्हणजे काय ते जाताना बसमध्ये शेजारच्या बाईनं आधीच सांगितलं होतं, तिचंही नाव तेच. पाचवी मुलगी झाली, मन भरलं, आता पुरे, म्हणून मनभर. आमच्या माण तालुक्यात अशा मुलीला नकुसा म्हणत. मला म्हणत. लग्नात मंदाकिनी झाले. हे काही मी कजोड़मलजीला सांगत बसले नाही.

येताना कानोत्याच्या पुढं हे मागून म्हणाले, "मंदे, पुढं पोरगी कोण बसलीय? ऊन लागतंय तिला."

म्हटलं, "अहो, सीटची उशी आहे ती. गप बसा."

घरापर्यंत बरोब्बर एकतीस किलोमीटर झाले. सरासरी किती देते ते बघायचं म्हणून रोज आकडा लिहिणार आहे. भाऊ साताऱ्याहून दर साली कॅलेंडर पाठवतो, त्यात बघितलं. ज्येष्ठ अमावास्या २५ जूनला. पेन्सिलीनं गोल केला. पुष्कळ दिवस आहेत.

१७ मे, शनिवार

काय ते सीट-सीट करायचं, म्हणून आज बारा डबे डाव्या सीटवर मांडले, वर पट्टा आवळला. पहिल्याच चौकात पट्टा सुटला आणि बाराच्या बारा खाली. परत मांडले, कट्‌ आवाज येईस्तोवर पट्टा लावला. सिविल लाइंसच्या वळणावर परत सुटला. उसळ माझ्या साडीवर. मी मोठ्यानं म्हटलं, "बरं बाई, नाही ठेवत. हट्टी आहेस." डबे मागं घातले. नंतर थेंब सांडला नाही.

खालचं पायपुसणं धुवायला काढलं तर डाव्या बाजूला टाचेची खोल खूण. ड्रायव्हरच्या बाजूला नाही एवढी. बाप चालवायचा आणि ही शेजारी बसून नसलेला ब्रेक दाबायची. मी शिकत होते तेव्हा शाळेचा मास्तर असाच दाबायचा, पण त्याला खरोखरचा होता.

१९ मे, सोमवार

आज दुपारची फेरी करून आले आणि जरा टेकले, ते पाच वाजता जाग आली. मी दुपारची झोपत नाही. बाळंतपण आलं नाही, त्यामुळे तेवढ्यापुरतीही कधी झोपले नाही. रात्रीची कणीक तशीच, भाजी चिरायची तशीच. धावाधाव झाली. ह्यांना म्हटलं, हाक नाही का मारायची? म्हणाले, "कुणाला?"

आकडा जुळत नाही. दुपारी घरी आले तेव्हा लिहिला होता, संध्याकाळी निघाले तेव्हा त्यात बासष्ट जास्त. डिझेलचा काटा मात्र जागच्या जागी. मीटर बिघडलंय. राखाडीचं मागं फिरवलेलं, हिचं पुढं पळतंय. घेऊ तरी काय?

२२ मे, गुरुवार

रोज बासष्ट. दुपारच्या फेरीनंतर आणि रात्रीच्या फेरीआधी. मीटर नाही बिघडलेलं, कुणीतरी गाडी नेतंय. समोरच्या बंगल्यातला ड्रायव्हर दुपारभर मोकळा असतो, माझा त्याच्यावर डोळा आहे. आज किल्ली पिठाच्या डब्यात खोल दाबून ठेवली आणि आडवी झाले. झोप अशी येते की कुणी पांघरूण ओढून घालावं.

उठले तर कोपरापर्यंत पीठ. कणीक अजून मळायची होती. आणि केसांची वेणी, घट्ट, तीनपेडी, शेवटाला लाल रिबिनीचा तुकडा. मी अंबाडा घालते, तीस वर्षं. झोपेत घातली असणार. रिबीन कुठल्यातरी डब्याची.

आकडा बासष्टनं जास्त. किल्ली पिठातच होती.

ड्रायव्हरला जाऊन झापलं. म्हणाला, "आंटीजी, मैं तो बारह दिन से गाँव में था, आज सुबह आया." लबाड.

२६ मे, सोमवार

आज गल्लीतल्या बाया नटून वडाला गेल्या. यांची बड़मावस. आपली वटपौर्णिमा पंधरा दिवसांनी आहे, यांचा वड अमावास्येलाच. शेजारच्या गुलाब कँवरनं मला बोलावलं. म्हटलं, माझा नवरा पौर्णिमेला मागते, अमावास्येला मागितला तर आंधळा मिळायचा, तो आधीच झालाय. ती हसून हसून बेजार.

दुपारी झोपले. उठले तर तोंडात गोड चव, बोटांना वेलदोड्याचा वास. आज डब्यात गोड नव्हतं. हे म्हणाले, "जेवून आलीस का तिकडं?"

"कुठं तिकडं? आतल्या खोलीत झोपले होते मी."

"बरं," म्हणाले. "गाडीचा आवाज आला म्हणून विचारलं."

डोळे गेले, आता कानही निघाले.

२८ मे, बुधवार

मैथिलीबाईंना झोपेचं सांगितलं. त्यांनी साखर तपासली, रक्त तपासलं, सगळं ठीक. म्हणाल्या, "मंदाताई, तुम्ही इतकी वर्षं थकलाय, शरीर वसूल करतंय. झोपा." छान. आणि भाजी कोण चिरणार, शरीर?

गाडी चालवताना मी बोलते हल्ली. काय महाग झालं, कोण उर्मट वागलं, कुठल्या सोसायटीच्या दारवानानं अडवलं. डाव्या बाजूला बघून बोलते. तोंडाला चाळा, दुसरं काय? उत्तर येत नाही हे बरंय. ह्यांना सांगितलं की दर वाक्याला "का?"

३१ मे, शनिवार

वरच्या पानाखाली कुणीतरी लिहिलंय. काल नव्हतं. एकच ओळ:

खिड़की खोल द्यो

पेन माझं. अक्षर माझ्यासारखंच वाकडं. पण ल माझा नाही. मी शाळेत शिकले तसा काढते, हा इकडच्या पोरी काढतात तसा आहे. ह्यांना विचारलं तर म्हणाले, मला ओळ दिसते का तरी?

पुढची चार पानं कोरी आहेत का ते तपासलं. कोरी आहेत. डायरी गव्हाच्या कोठीवर ठेवली.

आता मला राग आलाय. घाबरले असेनही, पण राग जास्त.

१ जून, रविवार

पांढरी गाडी कापडाखाली झाकून ठेवली. दलालाकडून राखाडी तीन दिवस चालवायला आणली. "देखा? आ गईं न वापस," म्हणतो. म्हटलं, आले नाही, बघायला आले.

४ जून, बुधवार

तीन दिवस राखाडी. तीन दिवस दुपारी झोप नाही. आकडा जिथल्या तिथं. डबे डाव्या सीटवर, एक पडला नाही. आमेरला एका गेस्टहाउसात पुण्याची मंडळी उतरलीत, त्यांचे डबे घेऊन चढावर गेले तर क्लचचा जळका वास आला. तो दुरुस्त करता येतो. सरळ गाडी आहे, माणसाळलेली. हीच घ्यावी.

हे मात्र गाडीत बसेनात. दाराला हात लावला आणि विचारलं, "तिला कुठं ठेवलंस?"

"कुणाला?"

"ती गुणगुणते ना. तुला ऐकू येत नाही?"

मी त्यांना घरीच ठेवून गेले. सगळा रस्ता गप्प. सिविल लाइंसच्या दारवानानं आज परत अडवलं, मी डावीकडं वळून सांगायला गेले तर तिथं डबे.

दलालाला म्हटलं, क्लच करून दे, मग बघू. म्हणाला, पंधरा तारखेला, रविवारी, शेवटचं सांगा. दुसरं गिऱ्हाईक उभं आहे.

५ जून, गुरुवार

पांढरी काढली. कारण साधं, राखाडी दुरुस्तीला गेली.

दुपारी झोपले. बासष्ट. डोळे आतून सुजल्यासारखे, कुणीतरी माझ्याकडून रडून घेतल्यासारखे.

१० जून, मंगळवार

आज वटपौर्णिमा. सकाळी ताट घेऊन वडाला गेले. एकटीच. गुलाब कँवर छतावरून ओरडली, "मंदाजी, आप तो पंद्रह दिन लेट हो! हमारा बड़ तो जेठ की अमावस को पुज गया."

मी म्हटलं, "जेठाची अमावस २५ तारखेला आहे."

"कौन बोला? वो तो गई. छब्बीस मई, सोमवार."

सूत हातात तसंच राहिलं. सव्वीस वर्षं बघतेय मी. दर साली यांचा सावन आपल्या श्रावणाआधी पंधरा दिवस लागतो. यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. आपल्या वैशाखातली अमावास्या ती यांची जेठाची. हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. आणि मी भावाच्या कॅलेंडरात गोल काढून बसले.

म्हणजे पोरीची तिथी चुकवली. शब्द दिलेला. बापानं वाट बघितली असेल.

वडाला एकच फेरी मारून घरी आले आणि बस्सीला फोन लावला. म्हटलं, कजोड़मलजी, माफ करा, माझी चूक झाली, अमावसेला गाडी आणली नाही.

तो म्हणाला, "क्या बात करती हो बहनजी? आप तो आई थीं."

मी विचारलं, कधी?

"रोज़ ही आती हैं. दोपहर में. सीधी मनभर के कमरे में जाकर बैठती हैं, उसकी माँ से चोटी करवाती हैं. अमावस को तो दो कटोरी खीर खाई आपने. बीच में चार दिन नहीं आईं तो इसकी माँ ने रोटी को हाथ नहीं लगाया."

मी विचारलं, "डिझेल?"

"वो तो मैं भरवा देता हूँ. आप इतना करती हैं हमारे लिए."

मग मी विचारलं, मी बोलते का तिथं? म्हणाला, फार नाही. पण बोलता ते आमच्या बोलीत. त्याला वाटलं, सव्वीस वर्षांत शिकली असेल बाई.

मला ढुंढाडी बोली चार शब्दांपलीकडं येत नाही.

शेवटी विचारलं, पोर गेली कशी? त्यानं सांगितलं. ताप चढलेला, दवाखान्यात नेत होता, याच गाडीतून, याच सीटवर. आग्रा रोडवर ट्रक अडकलेले. बाहेर लूची झळ. त्यानं काचा बंद ठेवल्या, मशीनची थंड हवा लावली. ती सारखी एकच म्हणत होती, "खिड़की खोल द्यो." त्यानं उघडली नाही. डॉक्टरांनी हवा लागू देऊ नका असं सांगितलं होतं. "गाड़ी चलाना सीखना चाहती थी," म्हणाला. "मैंने कहा था, बारहवीं कर ले, फिर. कर ली, तो कहा, फसल के बाद."

फोन ठेवला. डबे उशिरा गेले.

११ जून, बुधवार

आज झोपायचंच नाही असं ठरवलं. मिरची कांडत बसले. तरी डोळे मिटायला लागले, तेव्हा पदराचं टोक ह्यांच्या मनगटाला दुहेरी गाठ मारून बांधलं. म्हटलं, मी उठले तर ओढा, ओरडा, शेजारच्यांना बोलवा.

जाग आली तेव्हा गाठ तशीच होती. मी ड्रायव्हरच्या सीटवर, गाडी आमच्या दारात, इंजिन गरम. पदर दोन सीटांमधून मागं गेलेला. मागच्या सीटवर हे.

"ओढलं का नाही?"

"ओढलं की," म्हणाले. "तिनं मागं वळून हात जोडले. काय करणार? गेलो मीपण. ताक छान होतं. म्हातारी रडते फार."

"आणि गाडी कोण चालवत होतं?"

"तुझेच हात. पण मंदे, खरं सांगू? तुझ्यापेक्षा बरी चालवते. खड्ड्यात आपटत नाही."

आग्रा रोड. सिमेंटचे ट्रक, उसाच्या रसाचे गाडे, उलट्या बाजूनं येणारे ट्रॅक्टर. एकतीस जाताना, एकतीस येताना, सव्वातीन आठवडे, आणि मी झोपेत. आज तर आंधळं माणूस मागं बसवून.

१२ जून, गुरुवार

आज हे पान माझ्यासाठी नाही. मनभर, तुझ्यासाठी आहे. बारावी पास आहेस, मराठी अक्षर ओळखशील, नाही कळलं तर ह्यांना विचार. तुमचं जमतं.

मी बोलणं लांबवत नाही. तुझ्या बापाला मी तीन दिवसांत नको म्हणू शकते. त्याआधी तीन जणांनी म्हटलं. त्यांच्याशी तू काय केलंस ते मला माहीत नाही, विचारणारही नाही. राखाडीचा क्लच झालाय, दलालाचा सकाळी फोन आला. त्या गाडीत कुणी नाही. मी गाडी चालवीन, डबे पोचवीन, दुपारी जागी राहीन, म्हातारी होईन. सगळं सरळ.

पण मीही घरात नको होते म्हणून माझंही तसंच नाव ठेवलं होतं. तुला कुणीच दोनदा विचारलं नसेल, काच उघडायची का, स्टेअरिंग धरायचंय का. मी विचारतेय. तिथी मी चुकवली, ती तू माझे हात नेऊन पाळलीस, तेवढं मी मान्य करते. माझी चूक होती.

मात्र न विचारता हात न्यायचे नाहीत. तुझी आई वाट बघते तर आठवड्यातून दोन दुपारी मी जाईन, पांढरी गाडी घेऊन. पण जागी. डोळे उघडे, माझ्या पायाखाली माझा ब्रेक. चालवायची तर तू चालव, रस्ता मोकळा असेल तिथं, मी बघत असताना. मला दिसायला पाहिजे कुठून कुठं नेतेस ते. हे गाडीत असतील तेव्हा मुळीच नाही. वेणी घालायची तर घालू दे म्हातारीला, माझं काय जातंय? पण तो हात डोक्यावरून फिरताना मला कळायला पाहिजे. पन्नाशी उलटली, माझी वेणी कुणी घातलेली मला आठवत नाही, आणि आता कुणी रोज घालतंय तर त्या वेळी मीच घरी नाही. हा कुठला न्याय?

हे जमणार असेल तर पांढरी घेते, सीट तुझी. जमणार नसेल तर रविवारी राखाडी, आणि तू बापाच्या गोठ्यात कापडाखाली. पाचवं गिऱ्हाईक येईल तेव्हा येईल.

खाली अर्धं पान सोडलंय. डायरी तुझ्या सीटवर ठेवते, पेन आत आहे. मी तोवर दुपारी डोळा मिटणार नाही, मिरची पुरेल. शनिवारी, १४ तारखेला, डबे भरायच्या आत, म्हणजे अकरापर्यंत, हो की नाही ते लिही. काच उघडी ठेवली आहे. पान वाऱ्यानं उलटलं ही सबब मी ऐकणार नाही.